परतीच्या पावसात भात आणि वैरण दरवर्षी का सापडते, आणि भिजल्यावर नेमके काय करावे

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ या तालुक्यांत भाताची कापणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ आता जवळजवळ दरवर्षी पडते. तक्रारीही ठरलेल्या असतात. उभे पीक लोळले, कापून ठेवलेल्या पेंड्यांना शेतातच मोड आले, दाणा काळवंडला, गिरणीत तांदळापेक्षा कणीच जास्त निघाली, पेंढ्याला बुरशी आली, माळावर कापलेले गवत जागेवर कुजले. या प्रत्येक तक्रारीचे कारण निराळे आहे आणि उपायही निराळा आहे, तरी गावात सगळ्यांवर एकच निदान केले जाते: पावसाने घात केला. ते खोटे नाही, पण त्यावरून पुढच्या दोन दिवसांत काय करायचे ते कळत नाही. म्हणून येथे लक्षणावरून कारणाकडे आणि कारणावरून उपायाकडे जाण्याचा प्रयत्न केला आहे.

पाऊस किती पडला यापेक्षा तो कशावर पडला ते पाहावे

पन्नास मिलिमीटर पाऊस निसवणाऱ्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडत असलेल्या, भाताला उपकारक ठरू शकतो, पिकून पिवळ्या झालेल्या भाताला तो लोळवतो, आणि कापून पसरलेल्या भाताला तोच पाऊस दोन दिवसांत मोड आणतो. त्यामुळे नुकसान पाहायला शेतात उतरण्यापूर्वी वाण कोणता, पेरणी कधीची आणि त्यावरून पीक आज कोणत्या अवस्थेत असायला हवे, हा हिशेब मांडावा.

राब, म्हणजे भाताची रोपवाटिका, १० जूनला पेरला असे धरू. कर्जत ३ किंवा कर्जत ७ यांसारखे हळवे (लवकर येणारे) भात साधारण ११५ दिवसांत तयार होते, म्हणजे ते ३ ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते. सव्वाशे ते एकशे तीस दिवसांचे निमगरवे ऑक्टोबरच्या मध्यावर येते. एकशे चाळीस दिवसांचे गरवे (उशिरा येणारे) २८ ऑक्टोबरच्या आसपास तयार होते. फुलोरा यापूर्वी साधारण महिनाभर आधी येऊन गेलेला असतो. आता याच्या शेजारी पावसाचे वेळापत्रक ठेवावे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. जुन्या तारखेप्रमाणे पाहिले तर १० जूनचे हळवे भात पाऊस गेल्यावर कापणीला येत होते, नव्या तारखेप्रमाणे ते पाऊस असतानाच येते. हळव्या भाताची कापणी पावसात सापडणे हा म्हणूनच अपवाद राहिलेला नाही, तो आता हिशेबातच बसतो.

गरव्यालाही पूर्ण अभय नाही. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ अशी चक्रीवादळे आली. ती किनाऱ्यापासून दूर होती, तरी कोकणात दिवाळीच्या दिवसांत पाऊस झाला आणि उशिराच्या भाताचेही मोठे नुकसान झाले. मात्र असे वर्ष आणि दरवर्षी येणारी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याची अडचण यांत फरक करायला हवा. पहिल्यावर शेतकऱ्याचा ताबा नाही, दुसऱ्यावर बऱ्याच अंशी आहे.

आपल्याकडची एक खास अडचण येथेच नोंदवतो, कारण ती कृषी पुस्तिकांत सापडत नाही. या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबांची शेती गावाला आणि नोकरी ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत किंवा वाशीत असते. कापणीचा दिवस दाणा पाहून ठरत नाही. शनिवार, रविवार, दसऱ्याची सुटी, मजुरांची टोळी कधी मोकळी आहे, यांवर तो ठरतो. मग भात पिकल्यावरही आठवडाभर उभे राहते, किंवा एकाच सुटीत सगळे कापून पसरले जाते आणि रविवारी संध्याकाळी घरची माणसे परतीच्या गाडीत बसतात. वारंवार भिजणाऱ्या शेतांचे मूळ माझ्या मते पावसाइतकेच या सवयीत आहे.

लोंब्या उभ्या आहेत, पण दाणे पोकळ

ही तक्रार पावसाची वाटते, पण तिची कारणे दोन परस्परविरुद्ध असू शकतात. फुलोऱ्याच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरमध्ये, सकाळी फूल उमलण्याच्या वेळी सलग जोराचा पाऊस राहिला तर परागीभवन बिघडते आणि लोंबीत पळींज, म्हणजे पोकळ दाणे, वाढते. उलट, त्याच काळात आठ-दहा दिवस पावसाने ओढ दिली आणि खाचरातले पाणी आटले, तरीही पळींजच वाढते. मुरबाड आणि शहापूरकडचे उंचावरचे, मुरमाड वाफे या दुसऱ्या प्रकारात लवकर सापडतात. तेथे सप्टेंबरच्या उत्तरार्धातील पाऊस हा शत्रू नसून त्याच्यावरच दाणा भरण्याची भिस्त असते.

ओळखायचे कसे? ओढीमुळे आलेली पळींज बांधाच्या कडेला आणि उंच भागात जास्त दिसते, सखल भागात कमी. पावसामुळे आलेली पळींज सगळ्या शेतात सारखी असते. तिसरी शक्यता खोडकिडीची आहे. त्या लोंब्या पूर्ण पांढऱ्या, सरळ उभ्या असतात आणि ओढल्या की सहज हातात येतात. ओढीच्या जागी ओढ्याचे किंवा शेततळ्याचे पाणी एकदा फिरवता आले तर दाणा वाचतो. पावसाने आलेल्या पळींजेवर त्या हंगामात उपाय नाही, आणि त्यासाठी टॉनिकच्या बाटल्यांवर खर्च करू नये.

पीक लोळले

लोळण्याला पाऊस आणि वारा निमित्त होतात. खोड आधीच कमकुवत झालेले असते. दाट लावणी, युरियाचा उशिरा दिलेला जड हप्ता आणि शेवटपर्यंत तुंबवून ठेवलेले पाणी ही तीन कारणे एकत्र आली की मध्यम पाऊसही पीक आडवे करतो. शेजारच्या शेतात तेच वाण उभे असेल आणि आपले लोळले असेल, तर पावसाला दोष देण्याआधी खताच्या पिशव्या मोजाव्यात.

लोळलेल्या पिकाला काय करावे हे दाण्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे. दाणा दाबल्यावर दूध येत असेल किंवा तो अजून चिकाचा असेल, तर पाच-सहा चूड (रोपांचे पुंजके) एकत्र करून सैल बांधावेत आणि लोंब्या पाण्याच्या व चिखलाच्या वर राहतील असे पाहावे. तेवढ्याने उरलेला दाणा भरतो. लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले असतील तर बांधणीत मजुरी घालवू नये, तेच हात कापणीला लावावेत आणि लोळलेला तुकडा आधी कापावा. दोन्ही बाबतींत पहिले काम पाणी काढण्याचेच आहे. सखल कोपऱ्याकडे चर काढून बांधाला तोंड पाडावे. खरे तर कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचर निचरून ठेवावे ही जुनीच शिफारस आहे, पण ‘शेवटचे पाणी असू दे’ म्हणून बांध फोडायला कोणी धजत नाही आणि मग त्या चिखलात ना माणूस धड उभा राहतो ना कापणीयंत्र उतरते.

लोळलेल्या, दाट आणि पाणी तुंबलेल्या शेतात खोडाच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुडे आहेत का हेही वाकून पाहावे. वरून दिसणारे गोल करपलेले चट्टे पावसामुळे पडले असे समजण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. तेथेही पहिला उपाय पाणी काढून हवा खेळती करणे हाच आहे.

चिखलपाण्यात उघड्या पायांनी तासन्‌तास कापणी करताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, धोका असतो. गमबूट घालावेत, आणि नंतर ताप आला तर आपण शेतातील पाण्यात होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कापलेल्या भाताला मोड आले

सर्वांत जास्त नुकसान येथे होते आणि सर्वांत जास्त वाचवताही येथेच येते, म्हणून हा भाग थोडा सविस्तर.

पिकलेल्या दाण्याला काही काळ सुप्तावस्था असते. तेवढ्या काळात तो भिजला तरी रुजत नाही. हा काळ वाणागणिक बदलतो, आणि हळव्या वाणांत तो बहुधा कमी असतो. सुप्तावस्था संपलेला दाणा ऑक्टोबरच्या उष्म्यात दोन-तीन दिवस सतत ओला राहिला की कोंब बाहेर येतो. यात ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसातून एक सर येऊन गेली आणि मधल्या काळात वारा लागला, तर मोड सहसा येत नाहीत. ओल्या जमिनीवर जाड थरात पडलेल्या पेंड्यांत, खालच्या बाजूला, ओल सुटतच नाही, आणि म्हणून मोड नेहमी खालून सुरू होतात. वरून पिवळेधम्मक दिसणारे भात उलटून पाहिले तर खाली पांढरे कोंब असतात.

पाऊस येण्याची शक्यता असताना कापावेच लागले, तर बुंधे नेहमीपेक्षा उंच, वीतभर तरी ठेवावेत आणि पेंड्या जमिनीवर न टाकता त्या बुंध्यांवर पातळ पसराव्यात. खालून हवा खेळते आणि लोंबी चिखलाला लागत नाही. पेंढा थोडा आखूड मिळतो, पण हा सौदा फायद्याचा आहे. या दिवसांतला पाऊस कसा येतो हेही ध्यानात घ्यावे. सकाळ स्वच्छ असते, दुपारपर्यंत उकाडा वाढतो, सह्याद्रीच्या बाजूला ढग उभे राहतात आणि उतरत्या दुपारी किंवा संध्याकाळी गडगडाटासह ते पश्चिमेकडे सरकतात. मुरबाड, टोकावडे, किन्हवली, कसारा हा डोंगरपायथ्याचा भाग त्यांच्या वाटेतच पडतो. त्यामुळे दव उडाल्यावर कापणी सुरू करून दुपारी तीनच्या आत बांधून आडोशाला नेता येईल तेवढेच कापावे, उरलेले उभे ठेवावे. उभे पीक भिजले तरी वाऱ्याने सुकते. ‘मेघदूत’ ॲपवर तालुक्याचा चार-पाच दिवसांचा अंदाज आणि ‘दामिनी’वर विजेची सूचना मिळते. हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशारा दुपारी एकदा पाहण्याची सवय ठेवावी. विजा चमकत असताना माळावर, झाडाखाली किंवा भाऱ्यांच्या आडोशाला थांबू नये.

भात भिजलेच, तर त्याची उडवी (पेंड्यांचा रचलेला ढीग) रचू नये. ओल्या पेंड्यांची उडवी आतून तापते, दाणा पिवळा पडतो आणि वासही बदलतो. ताडपत्री टाकण्याची घाईही नुकसान करते: ओल्या मालावर दिवसा प्लॅस्टिक अंथरले की आत घाम धरतो. ताडपत्री फक्त सर येताना आणि रात्री वापरावी, ती मालाला न चिकटता बांबूच्या आधारावर उंच राहील आणि दोन्ही टोके उघडी राहतील अशी बांधावी, आणि सकाळी ऊन आले की लगेच काढावी.

पाऊस थांबण्याचे चिन्ह नसेल आणि लगेच उचल करता येणार नसेल, तर उघडीप मिळताच लोंब्यांवर ५ टक्के मिठाचे पाणी, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम साधे मीठ, फवारता येते. मिठामुळे दाणा पाणी कमी शोषतो आणि कोंब फुटणे लांबते. हा दोन-तीन दिवस मिळवण्याचा उपाय आहे, भात सुकवण्याचा नाही, आणि पुढची जोरदार सर आली की मीठ धुऊन जाते. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यावर हे करू नये.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे ओलेच झोडून दाणा घरात आणणे. पुष्कळ जण ‘पेंढा वाळू दे, मग मळणी’ म्हणून थांबतात आणि दोन्ही गमावतात. पेंड्यांना जागा लागते आणि त्या छपराखाली मावत नाहीत, दाणा मात्र मावतो. पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीच्या थरात एक क्विंटल भाताला साधारण ४० चौरस फूट जागा पुरते. पडवी, ओटी, समाजमंदिराचा हॉल, जेथे शक्य असेल तेथे पसरून पंखे लावावेत आणि दर तासा-दोन तासांनी फावड्याने उलटावे.

दाणा चांगला दिसतो, पण गिरणीत कणी

ही तक्रार डिसेंबरमध्ये येते, आणि तोपर्यंत ऑक्टोबर कोणाला आठवत नाही. दोष बहुधा गिरणीवाल्याला दिला जातो. खरे कारण असे की वाळत आलेला दाणा पुन्हा भिजला की बाहेरचा भाग फुगतो, आतला तसाच राहतो, आणि दाण्याला सूक्ष्म तडे जातात. भुसाच्या आत ते दिसत नाहीत. कांडताना दाणा त्या तड्यांवरच फुटतो. म्हणजे एकदाच भिजलेल्या भातापेक्षा भिजले, वाळले, पुन्हा भिजले, पुन्हा वाळले असे भात अधिक फुटते. ‘आज ऊन आहे, आणखी एक दिवस पडू दे’ हा निर्णय म्हणूनच महाग पडतो. डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर भर दुपारी पातळ थरात झपाट्याने वाळवलेल्या भातालाही असेच तडे जातात.

तपासणी सोपी आहे. गिरणीत न्यायच्या आधी मूठभर दाणे हाताने सोलून उजेडासमोर धरावेत. आडव्या रेषा दिसल्या तर भात कांडून कच्चा तांदूळ करण्याऐवजी त्याचा उकडा करावा. उकडताना तडे बरेचसे सांधले जातात आणि तांदूळ अखंड राहतो. आपल्या भागात उकड्याची आवड कमी आहे हे मान्य, पण कणीच्या भावापेक्षा ते बरे.

साठवणीसाठी ओलावा १४ टक्क्यांपर्यंत यायला हवा, बियाण्यासाठी आणखी कमी. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि थोडे भात घालून चांगले हलवावे व पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. शासकीय खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो, आणि खराब, रंग बदललेले, मोड आलेले व किडके दाणे मिळून ५ टक्क्यांची मर्यादा असते. वजनाच्या घटीवरून व्यापाऱ्याशी वाद घालण्यापूर्वी एक हिशेब माहीत असावा: २४ टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १४ टक्क्यांवर आले की सुमारे ८८ किलो भरते. त्याहून जास्त कटती होत असेल तर जरूर विचारावे.

भिजलेल्या शेतातील बियाणे पुढच्या वर्षी वापरायचेच असेल तर मे महिन्यात शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहावी. ८० पेक्षा कमी रुजले तर ते बियाणे सोडून द्यावे. ३ टक्के मिठाच्या पाण्यात पोकळ दाणे वेगळे काढण्याची नेहमीची पद्धत येथेही उपयोगी आहे, पण तिने हलके दाणे निघतात. आतून मेलेला जड दाणा पाण्यात तळाशीच जातो, म्हणून उगवण पाहणे टाळू नये.

लोंबीत नारिंगी किंवा काळे गोळे

ही आभासमय काजळी आहे. दाण्याच्या जागी आधी नारिंगी आणि पुढे हिरवट काळा भुकटीचा गोळा होतो. पोटरी (लोंबी खोडात असतानाची अवस्था) ते फुलोरा या काळातील पावसाळी, दमट हवेत ती वाढते. गोळे दिसू लागल्यावर फवारणीचा उपयोग नाही, फवारणी करायची तर ती पोटरीच्या अवस्थेतच. अशा लोंब्या सकाळी ओल असताना हलक्या हाताने काढून नष्ट कराव्यात आणि त्या शेतातील बियाणे धरू नये.

पेंढा काळा पडला

भाताच्या नुकसानीचा बोभाटा होतो, पेंढ्याचा होत नाही, कारण त्याची भरपाई कोणी देत नाही. पण ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांना मार्च ते जून हा काळ या पेंढ्यावरच काढायचा असतो. भिजलेल्या पेंढ्यातील विरघळणारे पोषक घटक पाण्याबरोबर जातात. ते परत येत नाहीत, पण तेवढ्याने पेंढा निकामी होत नाही. पिवळेपणा जाऊन करडा झालेला, मात्र कोरडा आणि वास नसलेला पेंढा जनावराला चालतो. बुरशी आलेला चालत नाही, आणि ही रेषा कडक पाळावी. झटकल्यावर भुकटी उडणारा, काळे-गुलाबी ठिपके असलेला, कुबट वासाचा पेंढा चांगल्या पेंढ्यात मिसळून ‘खपवण्याची’ पद्धत आहे. बुरशीची विषे मिसळल्याने नाहीशी होत नाहीत. अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते, आणि भाताच्या बुरशीयुक्त पेंढ्यामुळे म्हशींच्या कानांची टोके, शेपटी आणि खूर यांची कातडी मरून गळण्याचा ‘देगनाला’ नावाचा आजार भात पिकवणाऱ्या प्रदेशांत नोंदलेला आहे. हिवाळ्यात म्हैस लंगडू लागली आणि शेपटीचे टोक काळे पडले, तर पशुवैद्यकाला बोलावण्याबरोबरच पेंढा त्याच दिवशी बंद करावा.

ओलसर पण अजून बुरशी न लागलेला पेंढा वाचवण्याचा चांगला मार्ग म्हणजे युरिया प्रक्रिया. कोरड्या पेंढ्याच्या १०० किलोंना ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडतात, पाय देऊन दाबतात आणि प्लॅस्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवतात. पेंढा मुळातच ओला असेल तर युरिया तेवढाच ठेवून पाणी कमी करावे. आत तयार होणारा अमोनिया बुरशी रोखतो आणि पेंढा पचायला हलका होतो. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत हवेत पसरावा, सुरुवातीला थोडा द्यावा, आणि सहा महिन्यांखालील वासरांना तो अजिबात देऊ नये. युरिया जनावराच्या तोंडी थेट किंवा पाण्यातून कधीही जाता कामा नये.

रचलेली गंजी ओली होती अशी शंका असेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून पाव तासाने काढावी. हातात धरवत नसेल तर गंजी त्याच दिवशी मोडावी, कारण अशा गंज्या आपोआप पेटतात.

माळावरचे गवत

ठाणे आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातील वरकस (उताराच्या, हलक्या) जमिनींवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाण्याची परंपरा जुनी आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्याच्या कापणीचा काळ. लांबलेला पाऊस येथे एकाच वेळी फायदा आणि तोटा करतो. माळ जास्त दिवस हिरवा राहतो, कापलेल्या किंवा चरलेल्या जागी पुन्हा फुटवा येतो, ओढ्याला पाणी टिकते. पण वाळवण करणे अशक्य होते, आणि वाट पाहता पाहता गवत बी धरते. शेडा, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांची प्रत फुलोऱ्यात सर्वांत चांगली असते, बी पडल्यावर काडीच उरते. कुसळीत तर उशीर झाला की अणकुचीदार कुसळे तयार होतात, ती जनावराच्या तोंडात रुततात आणि तबेलेवाला तो माल नाकारतो.

अडचण अशी की गवत फुलोऱ्यात असते तेव्हाच हळवे भात कापणीला येते आणि माणसे तीच असतात. सगळेच भाताकडे धावतात, गवत शेवटी कापले जाते. माझे मत असे की घरची दुभती जनावरे असलेल्यांनी पावसाळी हवेत गवताचे वाळवण करण्याच्या फंदात न पडता रोजच्या रोज हिरवे कापून घालावे, तेवढा कोरडा पेंढा वाचवून ठेवावा आणि वाळवण सलग चार-पाच कोरडे दिवस दिसले तरच करावे. विक्रीसाठी गवत राखणाऱ्यांना हे जमणार नाही. त्यांनी माळाचे दोन-तीन तुकडे करून एकेक तुकडा कापावा, म्हणजे अवचित सर आलीच तर सगळा माळ एकदम भिजत नाही. कापून भिजलेले गवत सर गेल्यावर, वरची बाजू कोरडी झाली की, उलटावे. पार कडक वाळल्यावर उलटासुलट केल्याने पाने झडून फक्त काड्या हाती लागतात. हाताने पिळल्यावर काडी मोडण्याऐवजी वळत असेल तर गठ्ठे बांधू नयेत.

मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद आंबवून साठवणे, हा पर्याय मका किंवा संकरित नेपियर असणाऱ्यांसाठी चांगला आहे. माळावरच्या गवतात साखर कमी असल्याने मळी किंवा गूळ घातल्याशिवाय तो नीट आंबत नाही, आणि पावसाने चिंब गवत भरले तर पिशवीत सडते.

पावसानंतर ओढ्याकाठच्या आणि भातखाचरांच्या कडेच्या कोवळ्या गवतावर जनावरे तुटून पडतात. त्याच जागी गोगलगायींमार्फत चपट कृमींचा प्रसार होतो. हनुवटीखाली सूज, पातळ शेण आणि उतरलेले दूध ही लक्षणे चाऱ्याची नसून कृमींची असू शकतात. पावसाळा संपताना जंतनाशक पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे, कारण सर्वच औषधे चपट कृमींवर चालत नाहीत.

वालाचे काय

भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा घेणाऱ्यांना ऑक्टोबरचा पाऊस वरदान ठरतो. मात्र कापणी लांबली की पेरणी लांबते, आणि चिखलात टाकलेले बी कुजते. पाय रुतत नाही पण ढेकूळ हातात दाबल्यावर एकजीव राहते, त्या वाफशावर पेरावे. कापलेले भात दहा दिवस त्याच वाफ्यात पडून राहिले तर ओल आणि वाफसा दोन्ही जातात.

पेरणीच्या वेळी करायचा बदल

येथे फक्त वेळापत्रकच बदलता येते. उंचावरच्या, लवकर निचरणाऱ्या जमिनीत हळवे भात घ्यावेच लागते, कारण तेथे ओल टिकत नाही. मध्यम आणि सखल खाचरांत मात्र ‘लवकर मोकळे होऊ’ म्हणून हळवे लावण्यात अर्थ नाही, तेथे निमगरवे किंवा गरवे घ्यावे. ज्यांना एकाच वाणाचा आग्रह आहे त्यांनी राब एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाकावा. कापणीही दोन टप्प्यांत येते, आणि नोकरदार घरांना दोन सुट्यांत ती उरकता येते. गावात पाच-सहा घरांनी मिळून मळणीयंत्र आणि ताडपत्र्या भाड्याने घेणे स्वस्त पडते, मात्र नोंदणी सप्टेंबरमध्येच करावी; पाऊस थांबल्यावर सगळ्यांना यंत्र एकाच दिवशी हवे असते.

पंचनामा आणि विमा

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झालेल्या जिरायती पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर ठरवला होता. राज्य शासन वेळोवेळी त्यात भर घालते. पंचनामा तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) मिळून करतात. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या पीक नोंदीत, भाताची नोंद नसेल तर अडचण येते, म्हणून ती वेळेतच करावी.

पीक विम्याबाबत जुन्या माहितीवर विसंबू नये. पूर्वी कापून शेतात पसरलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षण होते आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे. राज्यात २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांतील कापणी मोजून, निघणाऱ्या उत्पन्नावर ठरू लागली आणि ते संरक्षण वगळले गेले. अटी हंगामागणिक बदलतात, म्हणून अर्ज भरतानाच त्या वर्षीचा शासन निर्णय वाचावा.

भिजलेले भात पंचनाम्याची वाट पाहत शेतात ठेवण्याची गरज नसते. मोबाइलमध्ये स्थान आणि तारीख दिसेल असे फोटो काढावेत. त्यांत शेताची एखादी कायमची खूण, पाण्यात पडलेल्या पेंड्या आणि मोड आलेल्या लोंब्या जवळून, हे तिन्ही यावेत. तलाठ्याला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि उरलेला माल लगेच उचलावा. एका कोपऱ्यात नुकसान झालेल्या थोड्या पेंड्या राखून ठेवल्या तर पाहणीला आलेल्यांना दाखवता येतात.